तुरुंगातून आलेली मान

कारागृहाच्या पत्रात मला, डॉक्टरला, विचारलं होतं, कैदी पेशंटच्या मानेची ही शस्त्रक्रिया केवळ सौंदर्यासाठी आहे का? तसं असेल तर परवानगी मिळणार नव्हती.

पेशंट पस्तिशीतली न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेली कैदी. अटकेआधी स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली. जखमा भरताना मानेची कातडी आखडत गेली आणि हनुवटी छातीला चिकटली. खालचा ओठ उलटलेला, तोंड मिटत नव्हतं, लाळ सतत गळायची. वर बघायचं तर कमरेतून मागे वाकावं लागे.

उत्तरात मी चेहऱ्याबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही. तोंड मिटत नाही, मान वळत नाही, आणि उद्या अपेंडिक्ससाठी जरी भूल द्यावी लागली तरी श्वासनलिकेत नळी घालणं जिवावर बेतेल, एवढंच लिहिलं. परवानगी आली. कारागृहाच्या नोंदवहीत मानेवरचा व्रण हीच तिची ओळखखूण होती, म्हणून आधीचे आणि नंतरचे फोटो द्यायचं ठरलं.

वॉर्डात आली तेव्हा तिचा हात बेडीने खाटेच्या दांड्याला अडकवला होता. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय कैद्याला असं जखडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच बजावलंय. रुग्णालयात खाटेला बांधलेल्या कैद्यांचंच ते प्रकरण होतं. आदेश आहे का, असं विचारलं. नव्हता. बेडी निघाली.

भूलतज्ज्ञांनी तिला जागं ठेवूनच दुर्बिणीच्या मदतीने नळी घातली. व्रण कापला तशी हनुवटी वर उचलली गेली आणि उघड्या पडलेल्या मानेवर मांडीची कातडी लावली.

माझ्या मते खरी कसोटी इथून पुढे असते. लावलेली कातडी पुन्हा आखडते. निदान सहा महिने कॉलर, मसाज, व्यायाम हवाच. बराकीत हे कोण बघणार? तपासणीला यायचं तर कैद्याला घेऊन येणारी पोलीस पार्टी लागते, आणि ती बंदोबस्ताला गेली की तारीख हुकते. त्यापायी कैद्यांचे ऑपरेशन केलेले हात पुन्हा वाकडे झालेले मी पाहिलेत. परवानगी फक्त ऑपरेशनपुरती देणारा नियम अपुराच आहे.

डिस्चार्ज कार्डावर कॉलर, मसाज आणि तपासणीच्या तारखा मी शस्त्रक्रियेचाच भाग म्हणून लिहिल्या. तिच्या वकिलांना म्हटलं, या तारखा आदेशात येतील असं बघा. त्यांनी अर्ज केला आणि न्यायालयाने त्या सगळ्या तारखा आदेशात घातल्या.