पहिली गाडी, तीही जुनी

आज बेळगावात, टिळकवाडीत तीन जुन्या स्कूटरी बघून झाल्या. तिन्ही धुऊन पुसून चकाचक, पण पहिली गाडी घेणाऱ्या पोरांनो, रंगावर जाऊ नका.

मालकाला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. इंजिन गार असतानाच खरं कळतं. सायलेन्सरमधून निळसर धूर आला, तर ऑइल जळतंय, म्हणजे इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलेत. रेस वाढते पण गाडी ओढत नाही? बेल्ट घसरतोय नाहीतर क्लच झिजलाय. मेन स्टँडवर लावा, मागं कुणालातरी दाबून धरायला सांगून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. मधोमध खटकन अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. आपल्या खड्ड्यांची कृपा, दुसरं काय!

टायरवरचा चार अंकी आकडा वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. एवढं जुनं रबर पावसात सटकतं, नक्षी कितीही शाबूत दिसू दे.

आणि कोल्हापूरची एमएच ०९ स्वस्त मिळतेय म्हणून उडी मारू नका. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इथला लाइफटाइम टॅक्स, नवा केए २२ नंबर. हे धरून मगच भाव करा.