नाइन्थ अव्हेन्यूच्या पुलांखालचा उजेड

न्यूयॉर्कमध्ये या खेपेस मी दिवसा फारसे काही पाहिले नाही. चार संध्याकाळी, दिवे लागल्यापासून अकरा-साडेअकरापर्यंत, केवळ रस्त्यांवरचा उजेड पाहत हिंडायचे असे ठरवूनच मी गेले होते. ही कल्पना माझी नव्हे. लेनी श्वेंडिंगर या प्रकाशयोजनाकार ‘नाइटसीइंग’ नावाच्या रात्रफेऱ्या काढत आल्या आहेत. रस्त्यावरचा खांब, दुकानाची काच, जाहिरातीचा फलक आणि गाड्यांचे दिवे यांचा उजेड एकमेकांत कसा मिसळतो, हे त्या लोकांना चालता चालता दाखवतात. मला अशी फेरी मिळाली नाही, पण पद्धत तेवढी उसनी घेतली.

सुरुवात टाइम्स स्क्वेअरपासून केली. जिथे आधीच डोळे दिपतात तिथे प्रकाशयोजनाकाराने करायचे तरी काय, असा माझा प्रश्न होता. 2009 मध्ये ब्रॉडवेचा 42 ते 47 क्रमांकांच्या रस्त्यांमधला भाग मोटारींना बंद झाला आणि पुढे स्नोहेटा या वास्तुरचना संस्थेने तो पादचाऱ्यांसाठी नव्याने बांधला. त्या चमूत प्रकाशयोजनेसाठी श्वेंडिंगर यांचा स्टुडिओ होता. मान खाली घातल्यावर उत्तराचा एक भाग दिसतो. गडद फरसबंदीत नाण्याएवढ्या पोलादी चकत्या बसवल्या आहेत आणि वरच्या फलकांचे रंग त्यांत ठिपक्याठिपक्यांनी उतरतात. आजूबाजूला नाट्यगृहे आहेत, हेही मला अर्थपूर्ण वाटले. रंगमंचावरचे दिवे पूर्वी वीजतंत्री किंवा नेपथ्यकार सांभाळत. प्रकाशयोजना ही स्वतंत्र कला म्हणून याच शहरात उभी करणाऱ्यांत जीन रोझेन्थाल (1912–1969) अग्रभागी होत्या. रंगमंचावरून रस्त्यावर यायला या कलेला वेळ लागला, इतकेच.

मला खरे पाहायचे होते ते मात्र दोन-तीन चौक पलीकडे, नाइन्थ अव्हेन्यूवर. बस टर्मिनलमधून नदीखालच्या लिंकन बोगद्याकडे जाणारे तीन रॅम्प, म्हणजे बसगाड्यांचे उंचावरचे उतरते रस्ते, 40 आणि 41 क्रमांकांच्या रस्त्यांदरम्यान एकमेकांवरून जातात आणि त्यांच्या खालून माणसांना चालावे लागते. अशा जागा सगळ्याच मोठ्या शहरांत असतात. एकटी बाई तिथे पोहोचली की तिची चाल आपोआप वाढते. पीकेएसबी या वास्तुरचनाकार संस्थेसह श्वेंडिंगर यांनी केलेले येथील काम 2009 मध्ये पूर्ण झाले. एखादा झगझगीत दिवा टांगून ते भागवता आले असते. त्याऐवजी रॅम्पचे पोलादी सांगाडे आणि त्यांवरची धातूची आवरणे उजळली आहेत, त्यामुळे उजेड वरून डोक्यावर आदळत नाही, बाजूच्या पृष्ठभागांवरून परतून येतो. रस्त्यावरच्या दिव्यांचे मोजमाप बहुधा जमिनीवर पडणाऱ्या प्रकाशाचे होते. चालणाऱ्याला मात्र समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा आणि बाजूची भिंत दिसायला हवी असते. मी तिथे जवळजवळ पाऊण तास उभी होते आणि येणाऱ्यांचे चेहरे मला बऱ्याच अंतरावरून ओळखू येत होते. जागा सुंदर झाली आहे असे मी म्हणणार नाही. वरून बसगाड्या धडधडत जातात आणि धुराचा वास येतो. पण माझी चाल वाढली नाही. आता टर्मिनलच नव्याने बांधले जात असून रॅम्पही नवे होणार आहेत.

तिसरी संध्याकाळ ब्रुकलिनमध्ये गेली. ब्रुकलिन ब्रिजखाली, वॉशिंग्टन आणि प्रॉस्पेक्ट या रस्त्यांजवळच्या बोगद्यासारख्या वाटेवर प्रकाशयोजनाकार लिनेया टिलेट आणि त्यांच्या सहकारी कॅरिन टेव्ही यांनी पुलाच्या जिन्याकडे नेणारी एक प्रकाशरेषा योजली. टिलेट यांचा अभ्यास पर्यावरणीय मानसशास्त्राचा, म्हणजे परिसराचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो याचा, आहे. नुसता उजेड वाढवून काय होते, हेही शहराने पाहिले आहे. 2016 मध्ये सरकारी गृहवसाहतींत उंच दिवे लावून प्रयोग केला, तेव्हा रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हा आकडा मी हलका मानत नाही; परंतु ते दिवे डिझेल जनरेटरवर चालणारे, बांधकामाच्या जागी असतात तसे होते, आणि तशा उजेडात कोणी बाकावर बसून गप्पा मारील असे वाटत नाही. 2013 पासून रस्त्यांवरचे सुमारे अडीच लाख पिवळसर सोडियम दिवे बदलून एलईडी लावायला सुरुवात झाली, तेव्हा सुमारे 4,000 केल्विनच्या (हे प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा जितका मोठा तितका उजेड थंड, पांढरा) पांढऱ्या प्रकाशाबद्दल ब्रुकलिनच्या रहिवाशांनीच तक्रारी केल्या आणि मग 3,000 केल्विनचे उबदार दिवे आले.

शेवटच्या रात्री ब्रुकलिनच्या समुद्रकाठच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणी गेले. 1939 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला आणि 1941 मध्ये इथे हलवलेला पॅराशूट जम्प हा, हवाई छत्रीला लटकून खाली येण्याच्या खेळाचा, 250 फुटी पोलादी मनोरा समुद्राकाठी उभा आहे. त्यावरून उड्या मारणे 1960 च्या दशकातच थांबले. 2006 मध्ये श्वेंडिंगर यांनी तो उजळला तेव्हा त्यांच्या प्रकाशक्रमांपैकी एक चंद्राच्या कलांवर बेतलेला होता. 2013 मध्ये त्या दिव्यांची जागा सुमारे 8,000 एलईडींनी घेतली. मनोरा आता लांबून दिसतो, लाटेसारखे रंग बदलतो, मुले त्याकडे बोट दाखवतात, आणि त्यांच्या आनंदावर नाक मुरडण्याचे मला कारण नाही. मीही फलाटावर जाईपर्यंत मागे वळून वळून त्याच्याकडेच पाहत होते. परतीच्या गाडीत वहीत टिपणे करायला घेतली, तेव्हा त्या रात्री आकाशात चंद्र होता की नव्हता, हे काही केल्या आठवेना.