कुठेतरी पाणी मुरतंय

नाशिककराला पाऊस मिलिमीटरमध्ये सांगून उपयोग नसतो. गोदावरीचं पाणी पात्रातल्या उंच दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की छातीला, ते सांगा. मग तो छत्री घेऊन पूर बघायला निघतो. मीही जाते. त्या गढूळ लोंढ्यात धरणातून सोडलेलं पाणी असतंच, पण शेवटी ते सगळं कुठल्या तरी जमिनीने नको म्हटलेलं पाणी. जे तिने ठेवून घेतलं, त्याची बातमी होत नाही.

इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि येवल्याकडे पाचशेच्या आसपास, हा फरक जिल्ह्यात सगळ्यांना माहीत असतो. मातीतला फरक मात्र शेतकऱ्यालाच विचारावा. निफाडजवळ माझ्या मामांचं शेत आहे, बरंचसं भारी काळं. मे महिन्यात तिथे अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. आत बोटांना कडक कंगोरे लागतात, मध्येच चुनखडीचा एखादा पांढरा खडा. वळवाचा पहिला पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो, वर टिपूस दिसत नाही. पुढे चांगला पाऊस झाला की माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन पाणी घ्यायचं नाव काढत नाही. सऱ्या तुंबतात, चप्पल चिखलात राहते आणि पाय तेवढा बाहेर येतो. मामा बांधावरूनच ओरडतात, "अगं, आत नको येऊस, पार तुडवून ठेवशील!"

चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की पापुद्रे लांब सरकतात आणि माती फुगते. गंमत म्हणजे पोकळी मोजली तर चिकणमातीत वाळूपेक्षा जास्तच भरते. पण ती इतक्या बारीक बारीक छिद्रांत वाटली गेलेली असते की पाणी आत जाताना रखडतं आणि बाहेर यायला राजी नसतं. वाळूत तासाला 30 मिलिमीटरहून जास्त पाणी मुरतं, चिकणमातीत 1 ते 5. बरं, धरून ठेवलेलं तरी सगळं पिकाला मिळावं, तर तेही नाही. बराचसा भाग कणांना असा चिकटलेला असतो की मुळांना ओढता येत नाही. काळी माती म्हणजे लाडवांच्या भरल्या डब्यावर बसून राहिलेली आत्याबाई.

काळ्या मातीचे गोडवे आपल्याकडे फार गातात. माझा जीव मात्र हलक्या, मुरमाड रानावर. द्राक्षबागायतदारालाही विचारून बघा. वेलीच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. भारी रानात पाणी साचलं की मुळं गुदमरतात, चुनखडी जास्त असेल तर पानं पिवळी पडतात; मग बोद, म्हणजे वेलींच्या ओळीखालचे मातीचे वरंबे, उंच करा, चर काढा, निचऱ्यासाठी खर्च करा. आणि सगळ्या कामांना वाफशाची वाट बघा. मामा मूठभर माती उचलून दाबतात आणि गोळा अंगठ्याने फोडतात. अंगठ्याला चिकटली तर हात झटकून घरी. भुसभुशीत फुटली की वाफसा आला, म्हणजे मोठ्या छिद्रांतलं जादा पाणी खाली उतरून तिथे हवा शिरली.

बांधकामवाले तर या मातीवर विश्वासच ठेवत नाहीत, पाया मुरूम लागेपर्यंत खणतात. पण मातीचं धरण बांधायचं असलं की हीच माती गाभ्यात ठासून भरतात आणि बाहेरून मुरमाचा भराव देतात. पाणी अडवून धरायला तिच्यासारखी दुसरी नाही.

या सगळ्याच्या खाली बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. अखंड काळा पाषाण पाणी पीत नाही. नाशिकच्या पांडवलेणीत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने दोनेक हजार वर्षांपूर्वी लेण्याबरोबर पाण्याच्या 'पोढ्या', म्हणजे टाकी खोदवली, तसा लेखच तिथे आहे. दगड पाणी सोडणार नाही हे कारागिरांना पक्कं माहीत असणार. आणि याच सह्याद्रीत डोंगराच्या मध्यावर कुठेतरी झरा वाहत असतो. वरच्या भेगाळलेल्या थरातून उतरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. आपल्याकडे जमिनीतलं पाणी असतं ते सांध्यांत, फटींत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. म्हणून मुरमातली विहीर श्रावणात काठोकाठ आणि तिच्या शेजारचं खोल बोअर ठणठणीत कोरडं, असं घडू शकतं.

आमच्या सोसायटीत तेच घडलं. शेजारच्यांना दोन इंची पाणी लागलं. आमच्याकडे पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या, एका कोपऱ्यात नारळ उभा राहिला आणि त्या जागेतून निघाली नुसती राखाडी भुकटी. आता त्याच बोअरमध्ये गच्चीचं पाणी सोडायचा ठराव येणार आहे. मामांना फोनवर सांगितलं तर हसले. "ज्या दगडाला चीर नाही म्हणून पाणी आलं नाही, तो पाणी घेणार कुठून?" खरं म्हणजे कंपाउंडलगत मुरमात शोषखड्डा केला तर स्वस्तात काम होईल. पण तिथे सेक्रेटरींची गाडी उभी असते.