पोटच्या मुलाच्या हातून

आषाढातल्या पावसाने गुहागरला सलग दोन दिवस घराबाहेर पडू दिले नाही, तेव्हा आत्याबरोबर २०२४ची ‘शोगुन’ ही जुन्या जपानमधल्या सामुराईंची मालिका पुन्हा पाहायला घेतली. आठव्या भागात वृद्ध हिरोमात्सू आपल्या धन्यापुढे, तोरानागापुढे, पोट चिरून घेतो आणि त्याचे मस्तक उतरवण्याचे काम त्याच्याच मुलाला, बुंतारोला, करावे लागते. आठळ्या सोलणारे आत्याचे हात तिथेच थांबले; अर्धवट सुटलेले पांढरे साल तिच्या नखाशी तसेच लोंबत राहिले. “शेवटचं पाणी पाजायचं त्या हातानं हे करायचं?” एवढेच ती म्हणाली.

सेप्पुकूतल्या, म्हणजे पोट चिरून मरण पत्करण्याच्या सामुराई विधीतल्या, या साहाय्यकाला काइशाकुनिन म्हणत, आणि मरणाऱ्याच्या यातना लवकर संपवणे हे त्याचे काम असे. हे ठाऊक असूनही मला पहिल्या भागातला फुजीचा आकांत अधिक छळतो. तिच्या नवऱ्याने भर सभेत मर्यादा सोडली आणि त्याची भरपाई म्हणून स्वतःबरोबर तान्ह्या मुलाचाही, म्हणजे साऱ्या वंशाचाच, अंत त्याने देऊ केला. त्या बाळाने कोणाची अब्रू घालवली होती? आमच्याकडेही घराण्याच्या नावासाठी काय सोसायचे हे पुरुषांनी ओटीवर ठरवले आणि ते माजघरातल्या बायकांनी सोसले, म्हणून फुजी मला परकी वाटत नाही.

जपानमध्ये शिक्षा म्हणून दिले जाणारे सेप्पुकू १८७३ मध्ये बंद झाले. आत्याने मात्र नववा भाग त्या रात्री लावू दिला नाही.