घड्याळ नसलेल्या खेळाचं वेळापत्रक

आमच्या क्लबची इनडोअर व्हॉलीबॉल टूर्नामेंट परवाच संपली, घसा अजून बसलेलाच आहे, पण डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतो कारण दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच की हॉलमध्ये स्पर्धा घ्यायची तर सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर ठरलेलं आहे. हॉलचं भाडं तासावर असतं आणि व्हॉलीबॉलला घड्याळ नसतं, सगळं तिथूनच सुरू होतं.

कबड्डीत 20-20 मिनिटं झाली की खेळ संपला. इथे तीन सेटची मॅच (जो आधी दोन सेट घेईल तो जिंकला) 35 मिनिटांत उरकते किंवा सव्वा तास चालते, आधी कुणालाच सांगता येत नाही. आता हिशोब बघा, 8 टीम, 4-4 चे दोन पूल, साखळीच्या 6 आणि 6 अशा 12 मॅच, मग दोन सेमी आणि फायनल, म्हणजे 15. एकाच कोर्टवर सगळ्या पाच-पाच सेटच्या खेळवल्या तर दोन दिवस पुरतच नाहीत, म्हणून साखळी तीन सेटची आणि फायनल तेवढी पाचची.

पहिल्या वर्षी आम्ही पत्रिकेवर 9 वाजता, 10 वाजता असं छापून मोकळे झालो. दुपारीच दोन तास मागे पडलो, आणि बाहेरगावच्या एका मुलींच्या टीमची मॅच रात्री साडेनऊला संपली, तोवर शेवटची एसटी गेलेली. बॅगा मांडीवर घेऊन पायऱ्यांवर बसलेल्या त्या मुली अजून डोळ्यासमोर येतात. गाडी करून पोचवलं त्यांना, पण चूक आमचीच होती. तेव्हापासून वेळ फक्त दिवसाच्या पहिल्या मॅचची, बाकी सगळं "आधीची मॅच संपली की", आणि लांबून येणाऱ्यांच्या मॅच आधी.

मुलींच्या मॅच आता सकाळी सलग लावतो, त्याला नेटचंही कारण आहे. महिलांचं नेट 2.24 मीटर, पुरुषांचं 2.43, मधेमधे बदलत बसलं की तार सैल करा, अँटेना (नेटच्या दोन्ही कडांच्या उभ्या काठ्या) काढा, परत लावा, परत मोजा. आमच्याकडे लाल पट्ट्या मारलेला एक पाइप आहे, तो आधी मधोमध उभा धरायचा आणि मग दोन्ही साइडलाइनवर, कारण दोन्ही टोकं सारखी पाहिजेत आणि ठरलेल्या उंचीपेक्षा 2 सेंटिमीटरहून जास्त वर चालत नाहीत.

हॉल बघायला जाल तेव्हा टेप घेऊनच जा. कोर्ट 18 बाय 9, भोवती सगळीकडून किमान 3 मीटर मोकळं, आणि वर 7 मीटर. हे 7 मीटर छतापर्यंत नाही, सगळ्यात खाली लटकणारा पंखा किंवा लाइट असेल तिथपर्यंत मोजा, बॉल त्याला लागला की आउट, चांगली रॅली वाया जाते. पोलला ताण द्यायला तारा बांधणं नियमात बसत नाही, त्यामुळे जड बेसचे, पॅडिंगवाले पोल आधीच शोधून ठेवा.

आणि गुणतक्ता! 2-0 जिंकलं तर 3 गुण, 2-1 झालं तर जिंकणाऱ्याला 2 आणि हरणाऱ्याला 1. यंदा एका पूलमध्ये तीन टीम अडकल्या, प्रत्येकीचे 2 विजय, 6 गुण, सेट 4-2. मग पॉइंटचा रेशो काढला, म्हणजे सगळ्या सेटमध्ये मिळवलेले पॉइंट भागिले समोरच्यांना दिलेले पॉइंट. पहिली टीम स्पष्ट होती, दुसऱ्या जागेसाठी एकीचे 142 भागिले 126 म्हणजे 1.127, दुसरीचे 139 भागिले 124 म्हणजे 1.121. आणि बाहेर गेलेल्या टीमने आत गेलेल्या टीमला हरवलेलं होतं! कॅप्टन टेबलाशी आला, डोळ्यात पाणी, "सर, आम्ही त्यांना हरवलंय ना". पोराचं दुःख खरं होतं, पण नियमात आपसातला निकाल रेशोच्या नंतर येतो. सकाळी मॅनेजर मीटिंगमध्ये हे वाचून दाखवलं होतं आणि सह्या घेतल्या होत्या, तो कागद त्याच्या मॅनेजरनेच काढून त्याला दाखवला. मी त्याच्या शेजारी बसून पूलच्या बाराही सेटचे स्कोअर त्याच्याकडूनच परत बेरीज करून घेतले.