हल्ली काही टाकत नाहीस?

"हल्ली फेसबुकवर तुझं काही दिसत नाही. बरी आहेस ना?"

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की माझं उत्तर पाठ झालंय. "बरी आहे गं, वेळ नाही मिळत." हे धडधडीत खोटं आहे. वेळ मिळतो, उलट पूर्वीपेक्षा जास्तच मिळतो. पण 'टाकावंसं वाटत नाही' म्हटलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसते. एकीने तर घरात सगळं ठीक आहे ना, हेही आडून आडून विचारून घेतलं. गप्प बसलेल्या माणसाचं काहीतरी बिनसलेलंच असणार, असा हल्लीचा समज आहे.

आता तुम्हीही विचारलंत म्हणून खरं काय ते सांगते.

मी काही मोजकं टाकणाऱ्यांतली नव्हते. कुंडीत पहिली कळी आली, टाक. ताप आला, थर्मामीटरचा फोटो टाक. साहेबांशी वाजलं, तर नाव न घेता 'काही माणसं...' असं सुरू होणारं तीन ओळींचं मोघम काहीतरी टाक. (हा प्रकार तुम्हीही केला असेल. ज्याला उद्देशून लिहितो तो सोडून बाकी सगळ्यांना लागतो.) झाकली मूठ सव्वा लाखाची वगैरे मी ऐकून होते, पण माझी मूठ कायम उघडी.

मग आईचं ऑपरेशन झालं. तातडीचं होतं. तिला आत नेलं आणि बाहेरच्या बाकावर बसून मी वाक्य जुळवू लागले. आधी घड्याळाच्या काट्यांवर काहीतरी लिहिलं, ते नाटकी वाटलं म्हणून खोडलं. दुसरं लिहिलं, त्यात माझंच कौतुक जास्त झालं. शेवटी 'आईसाठी प्रार्थना करा' एवढंच ठेवलं. हात जोडलेली चित्रं भराभर यायला लागली आणि मला बरं वाटलं. ते मी नाकारत नाही.

दादा त्या रात्री प्रवासात होता. वाटेत जिवाला घोर नको, पोचल्यावर फोन करू, असं मी ठरवलं होतं. आणि हातातल्या त्याच फोनवरून चारशे जणांना कळवून मोकळी झाले होते. पहाटे त्याचाच फोन आला. आईचं त्याने नीट विचारलं. डॉक्टर काय म्हणाले, शुद्धीवर कधी येईल, सगळं. मग जरा थांबून म्हणाला, "ऑफिसातल्या एकाने मला विचारलं, आई कशा आहेत तुझ्या? मी म्हटलं, मजेत आहे, का रे?"

एवढंच. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

आई महिनाभरात हिंडूफिरू लागली. मी मात्र त्या 'का रे'पाशी अडकून राहिले. सख्खा भाऊ, शाळेतल्या मैत्रिणी, ऑफिसातली मंडळी, एकदाच कुठेतरी भेटलेली माणसं, या सगळ्यांना मी एका रांगेत उभं करून एकच वाक्य ऐकवलं होतं. याला अभ्यासकांनी नावही दिलंय. ॲलिस मार्विक आणि डाना बॉइड यांनी २०११ साली ट्विटर वापरणाऱ्यांबद्दलच्या आपल्या निबंधात 'कॉन्टेक्स्ट कोलॅप्स' म्हटलंय ते हेच. माणूस आईशी, मित्राशी आणि साहेबाशी वेगवेगळ्या तऱ्हेने बोलतो. इथे ते सगळे एकाच वेळी समोर बसलेले असतात, म्हणून शेवटी कुणाशीच न बोलल्यासारखं बोलणं होतं.

माझं डोकं असं का चालायला लागलं, याचा मी पुष्कळ विचार केला आणि फिरून फिरून २००९ या सालापाशी आले. त्या वर्षी फेब्रुवारीत फेसबुकवर लाइकचं बटण आलं. पुढच्याच महिन्यात तिथल्या रिकाम्या चौकटीतला प्रश्न बदलला. आधी विचारायचे, आत्ता काय करताय? नंतर विचारू लागले, तुमच्या मनात काय चाललंय? वर्ष संपता संपता ट्विटरनेही आपला 'काय करताय' काढून 'काय घडतंय' केलं आणि रीट्वीटचं बटण दिलं. काय करताय, याचं उत्तर कधीतरी संपतं. भांडी घासतेय म्हटलं की झालं. मनात काय चाललंय, याचं उत्तर कसं संपणार? आणि मनातलं काढून ठेवलं की लगेच मोजणी सुरू. सगळा दोष बटणावर ढकलायचा नाही मला, स्वतःबद्दल बोलायची हौस जुनीच आहे. हार्वर्डमधल्या डायना टॅमिर आणि जेसन मिचेल यांच्या २०१२ च्या प्रयोगांत तर लोक स्वतःबद्दल सांगायला मिळावं म्हणून हातचे थोडे पैसे सोडायला तयार झाले होते. मी तर फुकटात सांगत होते.

पण मला खरा कंटाळा आला तो याचा नाही. तुम्हाला वाटेल, इतरांचे सहलीचे फोटो, भांडणं, फुशारक्या पाहून वैतागले असेन. ते चालतंच. मला वीट आला तो "पाहिलं मी" या दोन शब्दांचा. मैत्रीण भेटायची, मी सांगायला लागायचे, "अगं, परवा काय झालं माहितीये का..." की ती म्हणायची, "हो हो, पाहिलं मी." गोष्ट तिथेच मरायची. तिची चूक नाही, तिने पाहिलंच होतं. खरी गंमत चौकटीत न मावलेल्या भागात असायची, पण शेवट माहीत असलेल्या माणसाला सुरुवात कशी सांगणार? मग आम्ही दोघी आपापले फोन काढून बसायचो.

एक दिवस मी माझं सगळं खातं उतरवून घेतलं आणि सुरुवातीपासून वाचलं. अकरा वर्षांचा ऐवज. लाज वाटेल म्हणून तयारीत होते, पण कंटाळाच आला. 'काही माणसं...' वाल्या नोंदी तर कुणाबद्दल होत्या, हे मलाच आठवेना. कळीचा फोटो होता, पण ती कळी उमलली की गळली, याचा पत्ता नव्हता. आईच्या ऑपरेशनची नोंद होती. दादाचा फोन अर्थातच त्यात नव्हता.

मी खातं बंद केलेलं नाही. अधूनमधून जाते, बघते, एखादा वाढदिवस कळतो. सवयही पुरती मोडलेली नाही. परवा पावसात अडकले, तर छत्री शोधायच्या आधी डोक्यात वाक्य तयार. ते खिशात ठेवलं आणि रात्री दादाला फोनवर सांगितलं. रंगवून, पाच मिनिटं. तो मध्येच म्हणाला, "थांब, मग तुझी चप्पल कुठे गेली?" हा प्रश्न चारशे जणांपैकी कुणी विचारला नसता.

आता तुम्ही म्हणाल, आईचं आणि दादाचं सगळं इथे लिहून पुन्हा तेच केलंस की. बरोबर आहे. म्हणून यावेळी आधी दोघांना वाचून दाखवलं. आई म्हणाली, "लिही, पण कसलं ऑपरेशन ते नको." दादाने एकच दुरुस्ती सुचवली. त्या ऑफिसातल्या माणसाला तो 'मजेत आहे' म्हणाला नव्हता, 'झोपली असेल आत्ता' म्हणाला होता.

मी तसंच ठेवलंय. बदलायचं का, ते त्याला फोनवर विचारते.