पायाचा फोड आणि काळी माती

पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी पहाटे खामगावहून शेगावकडे निघते, तेव्हा या शेवटच्या सुमारे १६ किलोमीटरच्या वाटेवर आसपासच्या गावांतील हजारो माणसे तिच्यासोबत चालू लागतात. यंदा मीही चाललो.

वाटेत एका बांधावर उतरलो आणि चपलांना काळी माती अशी चिकटली, की चार पावलांत त्या उचलवेनात. काडीने ती खरवडत असताना शेजारच्या दिंडीतले एक काका म्हणाले, "तिले बी समजते नं सर, कोणाले धरावं ते." निवृत्त शिक्षकाच्या खोडीनुसार मी त्यांना ही चिकणमाती पाण्याने कशी फुगते आणि उन्हाळ्यात का भेगाळते ते समजावले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग पाणी लागलं हे तिले कसं समजते?"

फुगण्यासाठी काही समजावे लागत नाही, हे उत्तर बरोबर आहे. तरी ते मलाच अपुरे वाटले. पदार्थविज्ञान वस्तुमान आणि विद्युतभार मोजते, म्हणजे पदार्थ कसा वागतो ते सांगते; तो स्वतः आतून काय आहे, याविषयी ते गप्प राहते, ही गोष्ट तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९२७ मध्येच दाखवून दिली होती. आतून ठाऊक असलेला पदार्थ आपल्याजवळ एकच, तो म्हणजे आपला मेंदू, आणि तिथे तर अनुभव आहे. मग इतरत्र तो अगदी अंशानेही नसेल, हे कशावरून?

मात्र कणाकणांत जाणीव मानली, तरी त्या कणांचा मिळून एक 'मी' कसा होतो, हे कोडे उरतेच. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये ते नेमके मांडले: बारा शब्दांचे वाक्य बारा माणसांना एकेक शब्द वाटून दिले आणि त्यांना कितीही दाटीने उभे केले, तरी सबंध वाक्याचे भान कोणालाच येत नाही. ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'त ही अडचण उद्भवत नाही, कारण तिथे आरंभच एका चैतन्यापासून होतो आणि जग हे त्याचेच स्फुरण ठरते. पण मग त्या एकाला माझे दुःख वेगळे आणि काकांचे वेगळे का वाटावे, हे मला अजून उलगडलेले नाही.

शेगाव जवळ आले तेव्हा टाळांचा गजर इतका एकसुरी झाला होता, की सारी दिंडीच एक जीव आहे असे क्षणभर वाटले. तेवढ्यात टाचेचा फोड फुटला. मी कळवळून खाली बसलो. काका टाळ वाजवत पुढे निघून गेले होते.